गोक्रिप्टएफएस: क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरला स्वतःचं कुलूप

क्लाउड कंपन्या सांगतात की त्यांच्याकडे तुमच्या फाइली एन्क्रिप्ट करूनच ठेवलेल्या असतात. ते खरंही असतं, पण किल्ली त्यांच्याकडेच असते. किल्ली आपल्याकडे ठेवायची तर फाइल घरच्या संगणकावरून बाहेर पडण्याआधीच एन्क्रिप्ट व्हायला हवी. लॅपटॉपची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तरी इथे तिचा उपयोग नाही. लॉगिन केलं की डिस्क उघडते आणि सिंक करणारा प्रोग्राम उघड्या फाइलीच वर पाठवतो. व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामसारखा एकच मोठा डबा, म्हणजे सगळ्या फाइली पोटात घेणारी एक एन्क्रिप्टेड फाइल, करून तो क्लाउडवर ठेवणं दिसायला सोपं, वापरायला त्रासाचं. आत एक ओळ बदलली तरी १० जीबीची ती एकच फाइल बदलली असं सिंकला वाटतं. काही सेवा फक्त बदललेला भाग पाठवतात, बऱ्याच सगळी फाइल पुन्हा चढवतात. शिवाय दोन संगणकांवरून डबा एकाच वेळी बदलला गेला, तर दोन डबे होतात आणि ते एकत्र करायची सोय कुठेच नसते.

म्हणून फाइलवार एन्क्रिप्ट करणारी फाइलसिस्टिम लागते: इकडे एक फाइल, तिकडे तिचं एक एन्क्रिप्टेड रूप. गोक्रिप्टएफएस याच जातीचं. याकोब उंटरवुर्झाखर यांनी ते गो भाषेत लिहिलंय, ते मुक्त स्रोत आहे आणि लिनक्सवर पक्कं बसलेलं आहे. लेख त्याच्याबद्दलच आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थात रोमन लिपीत टाइप करायच्या.

क्लाउडला एक प्रत नाही, इतिहास दिसतो

चोरीला गेलेल्या लॅपटॉपवरून चोराला तुमच्या डिस्कची एका क्षणाची प्रत मिळते. क्लाउडचं तसं नाही. फाइल कालची, आजची, उद्याची, प्रत्येक वेळी कुठले बाइट बदलले ते सगळं तिथे साठत राहतं. चांगली आणि कामचलाऊ फाइलसिस्टिम यांतला फरक इथेच कळतो.

एन्कएफएस हे या प्रकारातलं जुनं, एकेकाळी सगळ्यांनी वापरलेलं साधन. २०१४ साली टेलर हॉर्नबी यांनी त्याचं सुरक्षा-परीक्षण केलं. निष्कर्ष असा की हल्लेखोराच्या हाती एकच प्रत लागली तर बहुधा धोका नाही, पण वेगवेगळ्या वेळच्या दोन किंवा अधिक प्रती लागल्या तर ते सुरक्षित नाही. क्लाउडसाठी हे परीक्षण म्हणजे थेट नापास. आजही कुठल्या जुन्या लेखात ‘ड्रॉपबॉक्ससाठी एन्कएफएस वापरा’ असं वाचलं तर पुढे जा.

गोक्रिप्टएफएसची रचना त्यानंतरची आहे. फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकडा एईएस-२५६-जीसीएम या एन्क्रिप्शन-पद्धतीने एन्क्रिप्ट होतो. तुकडा लिहिताना दर वेळी १६ बाइटचा नवा यादृच्छिक आयव्ही, म्हणजे एन्क्रिप्ट करताना मिसळायचा आकडा, तयार होतो. त्यामुळे तोच मजकूर पुन्हा लिहिला तरी वर जाणारे बाइट वेगळे असतात. शेवटी १६ बाइटचा पडताळणी-शिक्का लागतो, म्हणून एक बिट जरी कुणी फिरवला तरी तो तुकडा वाचताना चूक दिसते. शिक्क्यात फाइलचा क्रमांक आणि तुकड्याचा क्रमांकही गुंफलेले असतात. तिसरा तुकडा पाचव्याच्या जागी चिकटवला किंवा एका फाइलचा तुकडा दुसरीत घातला, तर ते पकडलं जातं.

हिशेब सोपा आहे. फाइलच्या सुरुवातीला १८ बाइटची नोंद आणि दर तुकड्यामागे ३२ बाइट जादा. १०,००० बाइटची फाइल तीन तुकड्यांत बसते, म्हणजे जादा बाइट ९६ अधिक १८, फाइल एकूण १०,११४ बाइट. एका जीबीमागे साधारण ८ एमबी, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. जागेची चिंता नको. मात्र हाच हिशेब उलटाही करता येतो: एन्क्रिप्टेड फाइलच्या आकारावरून मूळ फाइलचा आकार नेमका कळतो. त्याकडे पुढे येऊ.

बसवणं

डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गोक्रिप्टएफएस’, फेडोरावर ॲप्टच्या जागी ‘डीएनएफ’, आर्चवर ‘पॅकमन -एस’. फ्यूज नावाचं पॅकेज सोबत लागतं, कारण साध्या वापरकर्त्याला रूट (यंत्राचा मुख्य प्रशासक) न होता फाइलसिस्टिम जोडता येते ती त्याच्यामुळे. ‘फ्यूजरमाउंट सापडत नाही’ अशी तक्रार आली तर हेच पॅकेज राहिलंय. डॉकर कंटेनरमध्ये प्रयोग करणाऱ्यांना ‘/डेव्ह/फ्यूज’ नाही म्हणून अडायला होतं. कंटेनरला ते उपकरण वेगळं द्यावं लागतं.

बसवल्यावर ‘गोक्रिप्टएफएस -स्पीड’ चालवून पाहा. वेगवेगळ्या पद्धतींचा वेग तुमच्याच यंत्रावर मोजून दाखवला जातो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतात आणि तिथे जीसीएम पळतं. जुन्या रास्पबेरी पायसारख्या यंत्रात त्या नसतात. तिथे फाइलसिस्टिम तयार करतानाच ‘-एक्सचाचा’ हा, एईएसऐवजी दुसरी पद्धत वापरणारा, पर्याय द्यावा. तो नंतर बदलता येत नाही.

स्रोतापासून बांधणं

वितरणातली आवृत्ती जुनी असेल, किंवा कोड स्वतःच बांधायचा असेल, तर गिट, गो, जीसीसी, पीकेजी-कॉन्फिग आणि ओपनएसएसएलच्या हेडर फाइली (डेबियनकडे ‘लिबएसएसएल-डेव्ह’) आधी आणा. गिटहबवरून आरएफयाकोब या खात्यातला गोक्रिप्टएफएसचा साठा क्लोन करा, त्या फोल्डरात जा आणि ‘./बिल्ड.बॅश’ चालवा. काम एवढंच.

‘लिबक्रिप्टो सापडलं नाही’ असं पीकेजी-कॉन्फिग म्हणालं तर हेडर फाइलींचं पॅकेज राहिलंय. ते बसवा, नाहीतर सरळ ‘./बिल्ड-विदाउट-ओपनएसएसएल.बॅश’ चालवा. तेव्हा सी कम्पायलरही लागत नाही आणि एकच स्वतंत्र फाइल मिळते, जी तशीच उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येते. एईएसच्या सूचना असलेल्या प्रोसेसरवर गोचं स्वतःचं जीसीएमही चांगलं वेगवान आहे, त्यामुळे घरगुती वापराला ही दुसरी वाट पुरेशी आहे. गो जुनं असेल तर आज्ञा सुरुवातीलाच थांबते, मग गोची नवी आवृत्ती आणण्यावाचून इलाज नाही. साधं ‘गो बिल्ड’ केलं तरी प्रोग्राम तयार होतो, पण आवृत्ती विचारल्यावर ती नोंदलेली नाही असं उत्तर येतं. सहा महिन्यांनी काही बिघडलं की नेमकी तीच माहिती हवी असते, म्हणून स्क्रिप्टच वापरा.

तयार फाइल ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये कॉपी करा. ॲप्टने बसवलेली जुनी प्रतही यंत्रावर असेल तर नेमकी कुठली चालतेय ते ‘विच गोक्रिप्टएफएस’ने तपासा. शेल जुना पत्ता लक्षात ठेवतं, ‘हॅश -आर’ दिलं की विसरतं.

तिजोरी तयार करणं

दोन फोल्डर लागतात. एक सिंक होणाऱ्या फोल्डरच्या आत, समजा ‘नेक्स्टक्लाउड/तिजोरी’. इथे फक्त एन्क्रिप्टेड फाइली राहतील. दुसरं सिंकच्या पूर्ण बाहेर, समजा होममध्ये ‘उघड’. इथे फाइली वाचता येतील अशा दिसतील, पण डिस्कवर तिथे काहीच नसेल. उघड फोल्डर चुकूनही सिंकच्या आत ठेवू नका. तसं केलंत तर सगळा खटाटोप करून मूळ फाइलीच क्लाउडवर पाठवल्या असं होईल.

‘गोक्रिप्टएफएस -इनिट तिजोरी’ म्हटलं की दोनदा पासवर्ड विचारला जातो. फोल्डर रिकामं नसेल तर ‘६’ हा चुकीचा संकेत-क्रमांक देऊन आज्ञा थांबते. पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी चालते, पण तोच शब्द दुसऱ्या कीबोर्डवर वेगळ्या बाइटांत उमटू शकतो आणि मग डोळ्यांना बरोबर दिसणारा पासवर्ड चुकीचा ठरतो.

पासवर्डनंतर पडद्यावर मास्टर की येते: आठ-आठ अक्षरांचे आठ गट, मिळून ३२ बाइट. ती एकदाच दाखवली जाते. कागदावर छापून खणात ठेवा, असं प्रोग्राम स्वतःच सांगतो, आणि तो सल्ला शब्दशः पाळावा. स्क्रीनशॉट नको, कारण फोनवरचे स्क्रीनशॉट बहुतेकदा आपोआप क्लाउडवरच जातात.

तिजोरीत आता दोन फाइली दिसतील. ‘गोक्रिप्टएफएस.कॉन्फ’मध्ये मास्टर की आहे, पण पासवर्डने बंद केलेली. फायली उघडणारी खरी किल्ली एका पेटीत आणि पासवर्ड त्या पेटीला, अशी ही व्यवस्था. पासवर्डपासून पेटीची किल्ली बनवायला एसक्रिप्ट ही मुद्दाम जड ठेवलेली पद्धत वापरली जाते. मूळ सेटिंगमध्ये तिला प्रत्येक प्रयत्नाला ६४ एमबी मेमरी लागते, म्हणजे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याला प्रत्येक अंदाज महाग पडतो. पण ही फाइल क्लाउडवर जाणार असल्याने असे अंदाज कुणीही, कितीही काळ, तुमच्या नकळत करू शकतो. आठ अक्षरांचा पासवर्ड इथे पुरत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द, आणि तेही फासे टाकून किंवा पासवर्ड मॅनेजरने निवडलेले, असा मोठा वाक्यांश हवा. फार काळजी असेल तर ‘-कॉन्फिग’ पर्यायाने ही फाइल तिजोरीच्या बाहेर ठेवता येते. मग ती प्रत्येक यंत्रावर पेनड्राइव्हने न्यावी लागते. ती हरवली तर मास्टर की लिहिलेला कागदच कामी येतो.

दुसरी फाइल ‘गोक्रिप्टएफएस.डिरआयव्ही’, फक्त १६ बाइटची. तिजोरीतल्या प्रत्येक उपफोल्डरात अशी एक असते. दिसायला किरकोळ, पण सर्वांत जास्त घोळ हिच्यामुळेच होतो.

उघडायला ‘गोक्रिप्टएफएस तिजोरी उघड’, बंद करायला ‘फ्यूजरमाउंट -यू उघड’. चुकीच्या पासवर्डला १२, उघड फोल्डर रिकामं नसेल तर १०, कॉन्फ वाचता आली नाही तर २३, असे संकेत मिळतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ते उपयोगी पडतात. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर कुठली तरी खिडकी किंवा टर्मिनल अजून त्या फोल्डरात आहे. बंद करायचं विसरायला होत असेल तर उघडतानाच ‘-आयडल ३०एम’ द्यावं, म्हणजे अर्धा तास कुणी हात लावला नाही की ते आपोआप बंद होतं.

जुन्या फाइली ‘उघड’ फोल्डरात आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने कॉपी करा, चारदोन उघडून बघा आणि मगच मूळ काढा. त्या आधीपासून क्लाउडवर असतील तर तिथली कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्याही काढाव्या लागतात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवस सगळं जपून ठेवते.

सिंक करताना काय बिघडतं

फाइलचं नावसुद्धा एन्क्रिप्ट होतं, आणि त्यात त्या फोल्डरची डिरआयव्ही मिसळलेली असते. म्हणून ‘पावती’ नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरांत असल्या तरी वर त्यांची नावं वेगळी दिसतात. तोटा असा की डिरआयव्ही हरवली तर त्या फोल्डरातलं एकही नाव उलगडत नाही. अर्धवट सिंक झालेल्या यंत्रावर नेमकं हेच होतं: मोठ्या फाइली पोचलेल्या, १६ बाइटची ती फाइल मागे राहिलेली, आणि फोल्डर उघडल्यावर चूक. अशा वेळी घाबरून काही पुसू नका. सिंक पुरं होऊ द्या.

दुसरा घोळ दोन संगणकांचा. दोन्हीकडे एकाच फाइलवर काम झालं की सिंक प्रोग्राम एका प्रतीच्या नावाला ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं काहीतरी जोडतो. हे शेपूट एन्क्रिप्टेड नावाला लागतं, नाव उलगडत नाही, आणि गोक्रिप्टएफएस ती फाइल लपवून फक्त लॉगमध्ये इशारा लिहितं. दिवसभराचं काम ‘गायब’ होतं ते असं. काम तिजोरीत शाबूत असतं. ‘-बॅडनेम’ पर्यायात ‘*कॉन्फ्लिक्ट*’ असा नमुना देऊन पुन्हा उघडलं की ती फाइल नावाला शेपूट लागलेली अशी दिसू लागते. दोन यंत्रं नेहमीच वापरणाऱ्यांनी ‘-शेअर्डस्टोरेज’ही द्यावं, म्हणजे खालून सिंकने आणलेले बदल लगेच दिसतात. तयार करतानाच ‘-डिटरमिनिस्टिक-नेम्स’ निवडलं तर डिरआयव्हीची भानगडच राहत नाही. त्या बदल्यात सारख्या नावाच्या फाइली सगळीकडे सारख्याच दिसतात. घरगुती वापराला हा सौदा वाईट नाही.

गूगल ड्राइव्हचा अधिकृत प्रोग्राम लिनक्सवर नाही, म्हणून बरेच जण आरक्लोन हे टर्मिनलवरून क्लाउडशी फाइली जुळवणारं साधन वापरतात. ‘आरक्लोन सिंक’ ही आज्ञा तिकडचं इकडच्यासारखं करते, म्हणजे इकडे नसलेलं तिकडून पुसते. स्क्रिप्टमध्ये तिजोरीऐवजी चुकून ‘उघड’ फोल्डरचा पत्ता पडला आणि ते त्या वेळी जोडलेलं नसलं, तर रिकामं फोल्डर सिंक होतं आणि क्लाउडवरची प्रत साफ. पहिल्यांदा ‘--ड्राय-रन’ लावूनच बघा आणि रोजच्या स्क्रिप्टमध्ये ‘--बॅकअप-डिर’ ठेवा. उघड जोडलेलं असताना आणि आत काही लिहिलं जात असताना सिंक चालवलं तर स्रोत फाइल बदलत असल्याची तक्रार येते. आधी बंद करा, मग सिंक करा. आरक्लोनने क्लाउड थेट जोडून त्यावर गोक्रिप्टएफएस बसवणाऱ्यांनी ‘--व्हीएफएस-कॅश-मोड फुल’ दिलं पाहिजे. नाहीतर फाइलच्या मध्येच लिहायची वेळ आली की काम अडतं.

मराठी नावांची खास अडचण

यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं असतात. ‘सातबारा उतारा’ यात १२ चिन्हं आणि एक मोकळी जागा, मिळून ३७ बाइट. पुढे टिंब पीडीएफ जोडलं की ४१. नाव १६च्या पटीत भरून ४८ बाइट होतं आणि लिहिण्याजोग्या अक्षरांत आणल्यावर ६४ अक्षरांचं बनतं. लिनक्समध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने मूळ नाव १७५ बाइटपर्यंत असलं तरच ते सरळ बसतं. इंग्रजीत ती १७५ अक्षरं, मराठीत जेमतेम ५८ चिन्हं. खरेदीखताच्या फाइलला गट नंबर, गाव, तालुका आणि दोन्ही पक्षांची नावं देणाऱ्याला ही मर्यादा पहिल्याच दिवशी लागते. त्यापुढच्या नावासाठी दोन फाइली बनतात: एकीत मजकूर, दुसरीत नाव. चालतं व्यवस्थित, फक्त सिंकमध्ये नावाची फाइल मागे राहिली तर मजकूर असूनही फाइल दिसत नाही. नावं आटोपशीर ठेवा आणि बाकीचा तपशील फोल्डरांच्या नावांत घाला.

त्याहून फसवा प्रकार ‘ऱ्या’चा. ‘दुसऱ्या’ किंवा ‘शेतकऱ्यांची’ यातला ऱ एका चिन्हाचा असू शकतो, किंवा र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच. मॅक आणि लिनक्स एकत्र वापरले किंवा कीबोर्ड बदलला तर ही दोन रूपं मिसळू शकतात. साध्या डिस्कवरही त्यामुळे दोन वेगळ्या फाइली होतात, पण निदान शेजारी दिसतात. तिजोरीत मात्र त्यांची एन्क्रिप्टेड नावं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, त्यामुळे खालून पाहून काही कळत नाही. मिश्र यंत्रं असतील तर फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवलेली बरी.

काय झाकलं जात नाही

फाइली किती, फोल्डरांची रचना कशी, प्रत्येकीचा आकार किती, शेवटचा बदल कधी, हे सगळं क्लाउडला दिसतं. दर महिन्याच्या १ तारखेला एक छोटी फाइल वाढते हेही. हेसुद्धा लपवायचं असेल तर सगळं सारख्या आकाराच्या तुकड्यांत मोडणारं क्रायएफएस बघा, ते तुलनेने संथ आहे. अख्खी फाइल पुसणं किंवा तिच्या जागी तिचीच जुनी आवृत्ती ठेवणं, हे क्लाउडने केलं तर गोक्रिप्टएफएसच्या शिक्क्याला ते कळत नाही, कारण जुन्या आवृत्तीचा शिक्काही खराच असतो.

गळती घरातही असते. उघड जोडलेलं असताना फोटो पाहिले की त्यांच्या छोट्या प्रती होममधल्या ‘.कॅश/थंबनेल्स’मध्ये पडतात. डेस्कटॉपचा शोधक मजकूर वाचून स्वतःची सूची बनवतो. ‘उघड’ फोल्डरला त्या सूचीतून वगळा. आणि लॅपटॉपची डिस्कही एन्क्रिप्ट केलेली असू द्या.

पासवर्ड बदलायला ‘गोक्रिप्टएफएस -पासडब्ल्यूडी तिजोरी’. त्याने पेटी बदलते, मास्टर की तीच राहते. क्लाउडच्या इतिहासात जुनी कॉन्फ पडून असते, आणि जुना पासवर्ड ज्याला कळला होता त्याला ती फाइल मिळाली की आजच्या फाइलीही उघडतात. म्हणून पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तर तो बदलून भागत नाही. नवी तिजोरी तयार करा, सगळं तिच्यात कॉपी करा, जुनी इतिहासासकट पुसा.

अधूनमधून ‘गोक्रिप्टएफएस -एफएससीके तिजोरी’ चालवावं. ते प्रत्येक फाइल वाचून शिक्के तपासतं आणि काही बिघडलेलं आढळलं तर २६ हा संकेत देतं. बिघडलेल्या फाइलची जुनी आवृत्ती क्लाउडच्या इतिहासातून आणता येते, पण तिथे फक्त एन्क्रिप्टेड नावं दिसतात. ‘-सीटीएलसॉक’ देऊन तिजोरी उघडली आणि ‘गोक्रिप्टएफएस-एक्सरे -एन्क्रिप्ट-पाथ्स’ला मूळ पत्ता दिला की एन्क्रिप्टेड पत्ता मिळतो. तो क्लाउडच्या वेबपानावर शोधा, आदल्या तारखेची आवृत्ती परत आणा, सिंक होऊ द्या आणि एफएससीके पुन्हा चालवा.